पोटावरची पिशवी आणि बाळंतपणाचं तेल

आमच्याकडे मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते, यात विचारायचं काही नसतं. सातव्या महिन्यात ओटी भरायची, गाडीत दोन उशा ठेवायच्या आणि घेऊन यायचं. माझ्या एकुलत्या एका लेकीच्या वेळी मात्र विचारायची वेळ आली, कारण तिच्या आईच्या पोटावर पिशवी होती आणि ती पिशवी गळत होती.

ही गोष्ट सात-आठ वर्षांपूर्वीची. तेव्हा मी साठी ओलांडलेली एक तरुण मुख्याध्यापिका होते. निवृत्त झाले होते, पण ते अजून माझ्या कानावर आलं नव्हतं. रस्त्यानं जाताना ओळखीच्या पोराची नखं वाढलेली दिसली की थांबवून विचारायचे. भाजीवालीच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे. त्या वेळच्या मला आता मी ‘बाई’ म्हणते. माझा आणि त्या बाईंचा फारसा संबंध नाही, फक्त साड्या एकाच कपाटात आहेत.

तर बाईंचं आतड्याचं दुखणं जुनं होतं. शेवटी बारामतीतल्या एका हॉस्पिटलात मोठं आतडं काढून टाकलं आणि लहान आतड्याचं टोक पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर आणून ठेवलं. त्याला स्टोमा म्हणतात. पूर्वी जे वेळ बघून खाली जायचं, ते आता तिथून पातळ होऊन दिवसभर स्वतःच्या मर्जीनं येतं. ते धरायला पोटाला एक चकती चिकटवायची, चकतीच्या मधे भोक, आणि तिच्यावर पिशवी. ऐकायला भयंकर वाटतं, बघायला तसं काही नाही. आमच्या ह्यांची शेळगावला डाळिंबाची बाग आहे. पट्ट्या निघाल्यावर त्यांनी पहिल्यांदा बघितलं, जरा मान वाकडी केली आणि म्हणाले, “कळी बसल्यावानी दिसतंय की.” एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्या रूपाचं केलेलं हे एकमेव कौतुक.

हॉस्पिटलातून सोडताना सिस्टरनं सगळं समजावून सांगितलं. चकती कशी कापायची, कशी लावायची, पिशवी कधी रिकामी करायची. बाईंनी वरिष्ठ अधिकारी शाळेत भाषण करतात तेव्हा हलवायचे तशी मान हलवली. सिस्टरनं छापील माहितीपत्रक दिलं. बाईंनी ते घरी नेऊन लाल पेनानं तपासलं, शुद्धलेखनाच्या भरपूर चुका काढल्या आणि कपाटात ठेवून दिलं. त्यात लिहिलंय काय, ते वाचायचं राहूनच गेलं.

कारण कातडीचं बाईंना शिकवायला कुणी नको होतं. बाईंचा तेलावर विश्वास होता. आमच्या आळीतली निम्मी पोरं बाईंच्या पसरलेल्या पायांवर आंघोळ करून मोठी झालेली. शाळा भरायच्या आधी एक आणि शाळा सुटल्यावर एक, अशी बाळं बाई न्हाऊ घालायच्या. कुठल्याही बाळंतिणीला विचारा, बाईंच्या हाताखालून गेलेलं पोर कसं तुकतुकीत व्हायचं. कोमट खोबरेल तेल, वर चिमूटभर हळद. मग ज्या कातडीला दिवसरात्र चकती चिकटणार, तिला तेल नको? बाईंनी स्टोमाभोवती छान जिरवून तेल लावलं, हळद लावली आणि त्याच्यावर चकती दाबून बसवली.

चकती तेलावर बसेना. संध्याकाळपर्यंत एका कडेनं उचलायची. बाईंनी निकाल दिला की चकतीच हलक्या दर्जाची आहे. दुसऱ्या दिवशी तेल जास्त लावलं.

भोक कापायची पद्धतही बाईंची स्वतःची होती. बाई घरचे ब्लाऊज घरीच शिवायच्या, त्यामुळे कात्री हातात आली की हात आपोआप सैल पडायचा. घट्ट नको, जरा मोकळं असावं, पुढं लागलं तर असू दे. ब्लाऊजला ते ठीक आहे. चकतीचं भोक मोकळं ठेवलं तर मोकळ्या जागेतली कातडी उघडी राहते आणि आतड्यातून येणारं पाणी तिच्यावर साचतं. हे पाणी अन्न पचवणारं असतं. ते भाकरी आणि बाईंची कातडी यात फरक करत नाही. शिवाय ऑपरेशननंतर सुजलेला स्टोमा हळूहळू लहान होतो. तो लहान होत गेला आणि बाई पहिल्या दिवसाच्याच मापानं कापत राहिल्या.

कडेनं आग व्हायला लागली, कातडी लाल झाली. बाईंनी तेल आणखी वाढवलं.

अशात बावड्याला लेकीच्या सासरी डोहाळजेवण निघालं. बाई मोतिया रंगाची रेशमी साडी नेसल्या. घरात गडद साड्यांची चळत होती, पण बाईंना कार्यात उठून दिसायचं होतं, आणि त्या दिसल्याही. लोकांच्या घरी पिशवी रिकामी करायला लागू नये म्हणून निघताना काही खाल्लं नाही. इंदापूरला गाडी थांबली तेव्हा ह्यांनी विचारलं, “जाऊन येतीस का?” बाई म्हणाल्या, “काही गरज नाही.” मग बावड्याला पोचल्यावर विहीणबाईंनी आग्रह केला आणि उपाशी बाईंनी दोन पुरणपोळ्या दुधाशी खाल्ल्या.

हिरव्या साडीत लेक झोपाळ्यावर बसली होती. बायका गाणी म्हणत होत्या, पेढा की बर्फी चाललं होतं. बाई लेकीच्या शेजारी मानाच्या खुर्चीवर. पिशवी भरत आलीय हे पोटावरच्या ओझ्यावरून कळत होतं. पण मधेच उठलं तर सगळ्यांना कळेल, म्हणून बाई उठल्या नाहीत. न उठल्यामुळं सगळ्यांना कळलं. आधी कडेनं चटका बसला, मग कोमट ओल पसरली, मग वास सुटला.

गाणं थांबलं. पुढच्या ओळीतल्या दोघींनी नाकाला पदर लावला. तेव्हा बाईंनी आयुष्यभर वापरलेलं हत्यार काढलं. ताठ बसून, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “कुणीतरी बाहेरून शेण तुडवून आलंय. पाय बघा बरं सगळ्याजणींनी.”

खरंच सांगते, सगळ्याजणींनी पाय बघितले. पन्नाशीच्या, साठीच्या बायका भिंतीचा आधार घेऊन एकेक तळवा वर करून तपासायला लागल्या. विहीणबाईंची थोरली जाऊ, वय ऐंशीच्या पुढं, तिला पाय उचलवेना. ती काकुळतीनं म्हणाली, “बाई, माझं मगाशीच धुतल्यालं हायती वो.” बाईंनी तिला मानेनं सूट दिली.

एकट्या विहीणबाईंनी स्वतःचे पाय बघितले नाहीत. त्या माझ्या साडीकडं बघत होत्या. उठून आत गेल्या, एक शाल आणून माझ्या अंगाभोवती गुंडाळली आणि बायकांना म्हणाल्या, “ताईंना कणकण आल्यावानी वाटतीया. जरा पडू द्या.” भर उन्हाळा. मला दंडाला धरून न्हाणीत नेलं, पाणी दिलं, आपली एक साडी दिली आणि दाराबाहेर पाठ करून उभ्या राहिल्या. मी आतून म्हणाले, “शेणाचं काही कळलं का?” त्या म्हणाल्या, “कळलं. धुवून घ्या.”

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

“ताई, राग न्हाय मानायचा. पोरीचं बाळंतपण आमी हितंच करतो. तुमी आधी तुमच्या जिवाचं बघा.”

बाई म्हणाल्या, “पहिलं बाळंतपण माहेरीच होतं.”

“व्हय. पर म्हायेर धड पायजे न्हवं.”

“बाळाला न्हाऊ कोण घालणार? मी आळीतली इतकी पोरं...”

“आमच्याकडं बी हात हायती, ताई.” मग म्हणाल्या, “आठवा लागायच्या आत मी येते बारामतीला. बघते. मग ठरवू.”

फोन ठेवल्यावर बाई बराच वेळ देवघरासमोर बसल्या. सगळ्या आळीची पोरं ज्या पायांवर न्हाली, त्यांवर आपलंच नातवंड यायचं नाही. हे मी आता हसत लिहितेय, पण त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही.

त्यांचं ते तोंड बघून ह्यांनी जबाबदारी अंगावर घेतली. बागेत ठिबकच्या नळ्या रोज कुठं ना कुठं गळतात आणि हे रोज त्या बंद करतात, त्यामुळे गळतीच्या बाबतीत ह्यांना स्वतःबद्दल मोठा आदर. चष्मा लावून चकतीचं निरीक्षण केलं आणि म्हणाले, “एवढंच हाय व्हय. तू हालू नगंस.” डाळिंबाच्या खोक्यांना मारायची रुंद चिकटपट्टी आणली आणि चकतीच्या चारी कडांवरून पोटाला दोन पदर मारले. माझ्या कमरेवर फक्त ‘वरची बाजू’ असं छापायचं राहिलं.

गळती थांबली. दोन दिवस घरात सण होता. हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, “डाक्टरला न्हाय जमलं ते आपुन केलं.” बाई विहीणबाईंना फोन करणार होत्या. कडेला आग होत होती, पण बाई म्हणाल्या, जखम भरताना होतंच तसं. तिसऱ्या दिवशी आग इतकी वाढली की खुर्चीत टेकवेना. मग दोघं हॉस्पिटलात गेलो.

सिस्टर तीच होती. तिनं पट्टी भिजवून भिजवून सोडवली, चकती काढली आणि दिवा जवळ ओढून बघितलं. पाणी बाहेर यायचं थांबलं होतं, कारण ते सगळं आत कातडीवर कोंडून बसलं होतं. स्टोमाभोवती भाजल्यासारखं लालभडक कडं झालं होतं आणि ते पाझरत होतं.

“काय काय लावलंत?” तिनं विचारलं.

बाईंनी अभिमानानं सांगितलं. “खोबरेल तेल. हळद. मधे चार दिवस साजूक तूप. कोरफडीचा गर. अंगाला लावायची सुगंधी पावडर. आणि वासासाठी ओव्याची धुरी घेतली.”

“आजी, थालीपीठ लावायचं होतं का?”

ह्यांना हसू आलं. मी बघितल्यावर त्यांनी खोकल्याचं नाटक केलं.

सिस्टर कोमट पाण्यात बोळा भिजवून हलक्या हातानं पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, “तुम्ही बाळांना न्हाऊ घालता म्हणे. बाळाचं ढुंगण लंगोटाखाली लाल झालं तर काय करता?”

हे म्हणजे बाईंच्याच विषयात तोंडी परीक्षा. बाई घडाघडा म्हणाल्या, “लंगोट लगेच बदलायचा. कोमट पाण्यानं धुवायचं, टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. थोडा वेळ उघडं ठेवायचं.”

“ओला लंगोट तसाच ठेवून वरनं खोक्याची पट्टी मारता का?”

ह्यांनी छताच्या पंख्याकडं बघायला सुरुवात केली.

“मग हे तेच आहे,” सिस्टर म्हणाली. “फक्त लंगोट पोटावर आलाय.”

ह्यांनी हळूच विचारलं, “म्हंजी पट्टी कच्ची पडली म्हनायची?”

“नाही आबा, पट्टी फार पक्की होती. म्हणून तर एवढं भाजलं.”

मग तिनं सगळं पुन्हा दाखवलं आणि या वेळी बाईंनी मान न हलवता बघितलं. कातडीवर तेल, तूप, मलम काही नाही, नुसतं कोमट पाणी. टिपून पूर्ण कोरडं. पाझरत असेल तिथं स्टोमाची वेगळी पावडर भुरभुरायची आणि जास्तीची झटकून टाकायची, नाहीतर चकती पावडरीला चिकटते, पोटाला नाही. दर वेळी स्टोमा नव्यानं मापायचा आणि भोक त्याच्या कडेला लागूनच कापायचं, कळीभोवती दोऱ्याएवढी फट, जास्त नाही. मला बसवलं, वाकवलं, आणि बसल्यावर पोटाला घडी कुठं पडते ते दाखवलं. त्या घडीत भरायला खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीसारखी एक पेस्ट दिली. चकती तळहातात धरून गरम करायची आणि बसवल्यावर वर हात ठेवून थोडा वेळ नुसतं बसायचं. पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची, काठोकाठ भरायची वाट बघायची नाही, ओझ्यानं ती चकती ओढते. आणि खाज किंवा आग झाली तर वर काही मारायचं नाही, चकती काढून बघायचं. आठ दिवसांत आग कमी झाली नाही तर परत यायचं.

निघताना सिस्टर म्हणाली, “हे सगळं पत्रकात होतं की.” बाई म्हणाल्या, “त्यात चुका फार होत्या.”

घरी नवी शिस्त लागली. पहाटे, चहाच्याही आधी, पोट शांत असताना चकती बदलायची. तेलाची वाटी न्हाणीतून हलवून स्वयंपाकघरात गेली. ह्यांना मदत करायची फार हौस, म्हणून चकती तळहातात धरून गरम करायचं काम त्यांना दिलं. अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखे ते गंभीर चेहऱ्यानं बसायचे. पहिल्यांदा दिवसभर एक थेंब गळला नाही, तेव्हा बाई दर थोड्या वेळानं आत जाऊन बघून येत होत्या. कडं आधी कोरडं झालं, मग गुलाबी, मग कातडीच्या रंगाचं. बाईंना तेल लावायची इच्छा अधूनमधून व्हायची. हात शिवशिवायचे. तेव्हा त्या ह्यांच्या डोक्याला तेल लावायच्या. त्या महिन्यात ह्यांचं टक्कल आरशासारखं चमकत होतं.

आठवा लागायच्या आत विहीणबाई आल्या, बोलल्याप्रमाणे. बरोबर बावड्याची केळी आणि चेहऱ्यावर शाळा तपासायला आलेल्या माणसाचा भाव. बाईंनी फरशी दोनदा पुसून घेतली होती, उदबत्ती लावली होती आणि या वेळी गडद जांभळी साडी नेसली होती. दोघी समोरासमोर बसल्या. चहा झाला. उसाला तोड कधी, पाऊस कसा, लेकीच्या पायाला सूज आहे का, असं चाललं होतं. विहीणबाईंची नजर मधून मधून माझ्या कमरेवर येऊन जायची.

बोलता बोलता पोटावर ओझं जाणवलं. तिसरा हिस्सा झाला असणार. बाईंच्या डोक्यात पहिला विचार तोच जुना: आता नको, त्या गेल्यावर. उठलं तर म्हणतील बघा, अजून तसंच चाललंय. आजची परीक्षा, आजच पेपर अर्धा टाकून उठायचं? बाई खुर्चीचे हात धरून बसल्या. मग न्हाणीच्या दाराबाहेर पाठ करून उभ्या राहिलेल्या विहीणबाई आठवल्या. यांच्यापासून आता काय लपवायचं राहिलंय?

“विहीणबाई, मी जरा पिशवी रिकामी करून येते,” मी म्हणाले. आवाज वर्गातला आला नाही, घरातला आला.

“जावा की,” त्या म्हणाल्या आणि केळं सोलायला लागल्या.

मी परत आले तर विहीणबाई ह्यांना सांगत होत्या, “दाजी, सोमवारी गाडी पाठवा. उशा दोन न्हाय, तीन ठिवा. कंबार धरतीया तिची.”

मी दारातच थांबले. म्हणाले, “अहो, बघायचं तर राहिलं. तुम्ही बघायला आला होता ना?”

“बघितलं की.” त्यांनी अर्धं केळं माझ्या हातात दिलं. “त्या दिशी तुमी गळाला त्याचं काय न्हाय, ताई. लेकरं बी गळत्यात. तुमी उठलाच न्हाय, त्याचं मला भ्या वाटलं. लेकरू मांडीवर घिऊन बी अशाच लाजत बसून ऱ्हायला असता, दुघींचं हाल. आन् वर माझ्या जावंला पाय उचलाय लावला असता.”

“त्यांना सूट दिली होती,” मी म्हणाले.

“अजून सांगती म्हातारी. म्हंती, बाईंनी माझं पाय पास केलं.”

लेक सोमवारी आली, मुलगी झाली. बाळंतिणीची खोली, शेगडी, ओवा-शेपा, सगळं झालं. बाळाला पहिल्यांदा न्हाऊ घालायच्या दिवशी विहीणबाई मुद्दाम बावड्याहून आल्या. मी पहाटेच माझं आटोपून घेतलं होतं, कारण एकदा तेलाचे हात झाले की दिवसभर चकतीला हात लावायची सोय नाही. पोटावर जाड पंचा घट्ट बांधला. पाय पसरून बसले. लेकीनं नात माझ्या नडग्यांवर पालथी ठेवली. वाटीतलं तेल कोमट होतं. एवढे महिने आवरून धरलेले हात सुटले, पाठ, पोटऱ्या, बोटांच्या बेचक्या. लेक म्हणाली, “आई, हळू, ती कणीक नाही.”

मग उताणी करून मांड्यांवर ओढून घेतली. तिनं पाय आखडले आणि दोन्ही टाचा जोडून अशी लाथ मारली की ती नेमकी पंचावरून पिशवीवर बसली. लेकीनं श्वास धरला. विहीणबाईंनी श्वास धरला. दारात उभ्या ह्यांनी चिकटपट्टी आणायला जावं का, अशी चाचपणी केली. मी दोन्ही तेलकट हात वर धरून बसले, हलले नाही. आणि मग मला ओळखीची कोमट ओल जाणवली. साडी भिजत होती.

“गळलं का, आई?” लेकीनं अगदी हळू विचारलं.

विहीणबाई पुढं वाकल्या, पंचाला हात लावून बघितला. कोरडा होता. मग त्यांनी नातीचे पाय उचलले. मांड्यांवर माझी साडी ओली होत चालली होती आणि नात निवांतपणे वरच्या आढ्याकडं बघत होती.

“हिचं हाय,” त्या म्हणाल्या.

“पाय बघा बरं सगळ्याजणींनी,” मी म्हणाले.

आणि विहीणबाई, बरं का, भिंतीचा आधार घेऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी एक तळवा वर करून दाखवला.